पेशकारांची त्रेचाळिसावी हरकत

मी या गावात एस.टी.तून उतरलो त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, तोच माझ्यावर हरकत आली.

झालं असं, की शाळेचा शिपाई मला न्यायला येणार होता आणि तो आला नव्हता. मी ट्रंक लिंबाखाली ठेवली आणि तिच्यावर बसून डुलकी काढू लागलो. बसल्या जागी झोप लागणं हा माझा जन्मजात गुण आहे. डोळे उघडले तर समोर एक काळी शेरवानी उभी. तिला सात बटणं होती, त्यातली चार एका घराण्यातली आणि बाकीची दत्तक. शेरवानीच्या वर एक वाळका, गंभीर चेहरा होता आणि चेहऱ्यापुढं धरलेला कागद होता. तो मला वाचून दाखवण्यात आला. नवीन आलेल्या मास्तरांची ट्रंक पांदीच्या तोंडाशी ठेवली आहे, तिथून गुरांची वाट आहे, सबब हरकत.

मी ट्रंक दोन हात सरकवली. त्यांनी कागदाच्या तळाशी काहीतरी खरडलं, घडी घातली आणि म्हणाले, "निकाली. चला, तुमची खोली दाखवतो. माझ्या भिंतीला लागूनच हाय."

हे दिगंबरराव पेशकार. निजामाच्या राज्यात ते तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवायचे आणि साहेबाचा हुकूम कागदावर उतरवायचे. मुलूख हिंदुस्थानात आला तशी कचेरीतून उर्दू गेली. मोडीचे दिवस तर आधीच भरत आले होते. पन्नाशी ओलांडलेल्या पेशकारांना सांगण्यात आलं, की आता बाळबोध अक्षराचा सराव करा. या वयात पाटीवर ग म भ न काढू का, असं त्यांनी विचारलं, पेन्शन घेतली आणि गावी येऊन राहिले. येताना कचेरीतून त्यांनी एक सवय तेवढी बरोबर आणली. तीस वर्षं लोकांच्या हरकती मिसलीला, म्हणजे प्रकरणाच्या फायलीला, लावल्या होत्या, आता ते स्वतःच्या घेऊ लागले.

हरकत कशावरही असे. शाळेची घंटा ठरल्या वेळेच्या आधी वाजली, हरकत. पिठाच्या गिरणीवाल्यानं ओळीतली बाई सोडून आपल्या मेहुणीचं दळण आधी घेतलं, हरकत. एकदा देवळात कीर्तन होतं. बुवा रंगात येऊन म्हणाले, ही सगळी धरती त्या नारायणाची. तेव्हा मागून शांत आवाज आला, की मग सर्व्हे नंबर कुणाच्या नावावर आहे तेवढं बुवांनी सांगावं. बुवा पुढचा चरण विसरले आणि टाळकऱ्यांनी भलताच अभंग धरला. पेशकारांनी मात्र घरी येऊन ती हरकत कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी बुवांच्या बिऱ्हाडी नेऊन दिली.

कारण जबानी हरकतीला ते हरकत मानतच नसत. डोळे मिटून मला समजावायचे, "जबानी हरकत म्हंजे वारा, मास्तर. आला, गेला. लिहून पायजे. आन नुसतं लिहून न्हाय, त्यात सबब पायजे. सबब खरी पायजे. तीस वर्सं म्या खोट्या सबबीच्या हरकती बाजूला काढल्या."

दुपारी शाळा सुटली की मी भिंतीच्या अलीकडं आडवा व्हायचो आणि ते पलीकडं बसून स्वतःलाच मजकूर सांगायचे. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या वेळेत मला त्यांचं बोलणं पारव्याच्या घुमण्यासारखं ऐकू यायचं. सबब... येणेप्रमाणे... सबब... त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी होती, ती दोन कोसांवर दिली होती, एवढं मला ठाऊक होतं. ती माहेरी आलेली मात्र मी कधी पाहिली नव्हती. मीही विचारलं नाही. मला लोकांच्या घरगुती गोष्टी विचारायचा फार आळस.

आता गाडीतळाचं सांगायला हवं. आमचं गाव भूमपासून सात-आठ मैलांवर, बाजार गुरुवारचा. आसपासच्या खेड्यांतून बाजाराला येणाऱ्या बैलगाड्या गावात शिरत नसत. गावाबाहेर नऊ लिंबांचा एक माळ होता, तिथं गाड्या सोडायच्या, बैल बांधायचे आणि माणसांनी पायी बाजारात जायचं. हा गाडीतळ. कागदोपत्री त्याला मालक नव्हता, मालकाच्या जागी नुसतं 'गाव' लिहिलं होतं. गुरुवारी शाळा सकाळची असे आणि दुपारी मी झोपलेला असे, त्यामुळं भरलेला गाडीतळ मी कधी नीट पाहिलाच नव्हता. मला ठाऊक होता तो संध्याकाळचा, गाड्या निघून गेल्यावरचा. मी फिरायला जायचो तेव्हा चाकोऱ्या एकमेकींना कापत दूरवर गेलेल्या दिसायच्या. कडब्याच्या काड्या, शेणाचा ओला वास, कुणाची तरी विसरलेली वेसण. कललेल्या उन्हात धूळ इतकी सावकाश खाली यायची, की तिला खाली यायची इच्छाच नसावी. मी तिथं उगाच उभा राहायचो. मला तो माळ फार आवडायचा, का ते सांगता येणार नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. बार्शीकडून एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आला. त्याच्याकडं एक गुंडाळलेला नकाशा होता. गाडीतळाच्या जागी नवी वसाहत, चौकोनी प्लॉट, मधून सरळ रस्ते आणि रस्त्यांच्या कडेनं हिरव्या शाईची झाडं. सगळे चावडीत नकाशाभोवती वाकले. पेशकारांनी बोट फिरवत झाडं मोजली आणि म्हणाले, "यात बावीस झाडं हायत. तळावर लिंब नऊ. त्यातला एकबी यात न्हाय. मग ही झाडं कोण्या गावची?"

सरपंच नाना यांना वसाहत हवी होती. वसाहत आली की विजेचे खांब येतील असं ते म्हणत, आणि त्यात चूक काही नव्हतं. कंदिलाच्या उजेडात पंचायत चालवून ते कंटाळले होते. तरी ठरावाला त्यांनी घाई केली नाही, गावाला विचारू म्हणाले. गुत्तेदार हसला. म्हणाला, विचारा सावकाश, थोड्या दिवसांनी विचारायची गरज राहायची नाही.

तो म्हणत होता ते खरं होतं. तोवरची रीत अशी, की गावाची मोकळी जागा कुणाला द्यायची तर पंचायतीचा ठराव लागायचा. येऊ घातलेल्या कायद्यात ती अटच काढून टाकली होती. वसाहत बांधणाऱ्यानं वर अर्ज करायचा, वर सही व्हायची, आणि गावानं चावडीवर डकवलेली नोटीस वाचायची. कायदा पक्का होण्याआधी लोकांच्या हरकती तेवढ्या मागवल्या होत्या. मुदत एक महिना.

हरकती मागवल्या आहेत, हे वाक्य पेशकारांनी मला तीनदा वाचायला लावलं. जन्मभर न मागता दिल्या होत्या, मागितल्या कुणी पहिल्यांदाच. त्या दिवशी त्यांनी शेरवानीला इस्त्री केली.

मग महिनाभर ते दौत, बोरू आणि कागद घेऊन फिरत होते. मी सुचवलं, की एकच मजकूर करू आणि खाली सगळ्यांचे अंगठे घेऊ. त्यांना ते मुळीच पटलं नाही. एका साच्यातल्या शंभर हरकती म्हणजे एकच हरकत, असं त्यांचं मत. प्रत्येकानं आपली सबब आपल्या तोंडानं सांगायची आणि ती जशीच्या तशी उतरायची. कुंभार म्हणाला, तळ लांब गेला तर मडकी डोक्यावरून आणखी लांब न्यावी लागतील आणि माझ्या बायकोची मान आधीच धरलेली आहे. एक शेतकरी म्हणाला, माझा ढवळ्या तळावरच्या हौदाशिवाय दुसरीकडं पाणी पीत नाही. त्यावर पेशकारांनी ढवळ्याचीही हरकत घ्यावी की काय याचा गंभीरपणे विचार केला. खुराला शाई लावून ठसा उठवायची तयारी होती. मी कसंबसं परावृत्त केलं. एक म्हातारी नुसतंच म्हणाली, माझ्या सासूनं मला पहिल्यांदा तिथं उतरवलं. ही सबब होते का, असं मी विचारलं. पेशकार म्हणाले, खरी हाय ना, मग होती.

एकूण त्रेचाळीस हरकती झाल्या. शेवटची त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी कुणाला वाचून दाखवली नाही. गठ्ठा लाल फडक्यात बांधून मुंबईला रवाना झाला.

पंधरा दिवसांनी तो तसाच परत आला. पेशकारांनी सगळं मोडीत लिहिलं होतं. त्यांना दुसरं मराठी अक्षर येतच नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नव्हतं. कचेरीतून गेली असली तरी सरकार म्हटलं की त्याला मोडी वाचता येणारच, या भरवशावर ते होते. वर चिठ्ठी होती, की हरकती बाळबोध लिपीत आठ दिवसांत पुन्हा सादर कराव्यात आणि त्यांची एक नक्कल गावच्या माहितीसाठी चावडीवर लावावी.

माझं घर तुळजापूरचं. यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या आमच्याकडं मोडीत असत, आणि वडिलांनी लहानपणी त्या माझ्याकडून वाचून घेतल्या होत्या. तेव्हा रडत शिकलेली ती विद्या अशी कामाला आली. शाळेच्या ओसरीत दुपारी आम्ही दोघं बसायचो. मी वाचून बाळबोधीत उतरवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि एखादा शब्द चुकला तर बोट वर करायचे. ऊन अंगणात निवांत पडलेलं असायचं. आयुष्यात दुपारी मी इतका जागा कधी राहिलो नाही.

सहाव्या दिवशी शेवटचा कागद हातात आला. मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो.

"हरकतदाराचे म्हणणे की, हरकतदाराची मुलगी दर गुरुवारी नवऱ्यासोबत गाडीत बसून बाजारास येते. तिला हरकतदाराच्या घरी येण्याची मनाई आहे. हरकतदारास तिच्या घरी जाण्याची मनाई आहे. गाडीतळास उंबरा नाही. सबब दोन तास तेथे बसता येते. प्लॉट पाडल्यास प्रत्येक प्लॉटास उंबरा होईल. सबब हरकत."

शेवटच्या ओळी मी हळू आवाजात वाचल्या. पेशकारांनी डोळे उघडले नाहीत. हात पुढं करून कागदावर ठेवला आणि म्हणाले, "ही राहू द्या, मास्तर."

मी काही बोलायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं, एखाद्या तिऱ्हाइताची मिसल वाचून दाखवावी तसं. मुलीच्या, कुसुमच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या तळावर न सोडता थेट गल्लीत आणल्या होत्या आणि लोकांची वाट अडली होती. अंतरपाट धरलेला, अक्षता हातात, आणि मुलीचा बाप कागद घेऊन उभा राहिला. हरकत वाचली. गाड्या काढल्याशिवाय मंगलाष्टकं पुढं गेली नाहीत. व्याह्यांनी गाड्या काढल्या, लग्न लागलं, आणि मंडपातच त्यांनी जाहीर केलं, की आजपासून या माणसाच्या उंबऱ्याला आमच्या घरचा पाय लागणार नाही आणि आमच्या उंबऱ्याला याचा. त्याला बारा वर्षं झाली होती.

"कायद्यानं हरकत बरोबरच होती," पेशकार म्हणाले. "पन घ्यायची नव्हती."

जावई भला माणूस होता. बाजारात मुद्दाम वेळ काढायचा. म्हाताऱ्या व्याह्यांचं बाजाराला येणं होत नव्हतं आणि त्यांच्या कानावर कुणी घातलं नव्हतं. तळावरच्या सगळ्या गाडीवानांना ठाऊक होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. मोडीतला कागद दूर मुंबईला जाणार होता म्हणून पेशकारांनी खरी सबब लिहिली होती. आता तीच बाळबोधीत चावडीवर लागणार. गुरुवारी तिच्या सासरची माणसं चावडीवरूनच जात.

मी म्हटलं, दुसरी सबब लिहू. झाडांची लिहू, हौदाची लिहू, कुणाला कळणार आहे?

"मला कळंल," ते म्हणाले. "खोट्या सबबीची हरकत म्या दुसऱ्याची घेतली न्हाय, माझी कशी घेऊ? बेचाळीस पुरं हायत."

त्यांनी कागद घडी घालून शेरवानीत ठेवला. मला फार वाईट वाटलं. भिंतीपलीकडच्या ज्या बडबडीला मी इतके दिवस हसत झोपी गेलो, तिची लाज वाटली.

चावडीवर बेचाळीस हरकती लागल्या आणि गावात दुसरीच चर्चा सुरू झाली. पेशकारांची हरकत नाही, म्हणजे कलियुगच संपलं. कुणी म्हणालं, गुत्तेदारानं प्लॉट कबूल केला असेल. पेशकार खाली मान घालून त्या घोळक्यातून जायचे. मी मूग गिळून बसलो होतो.

पुढं हरकती ऐकायला वरून एक साहेब भूमला आले आणि आमच्या गावचा गठ्ठा पाहून चकित होऊन थेट गावात आले. चावडी भरली. गुत्तेदार नकाशा घेऊन हजर. तो गोड आवाजात म्हणाला, "साहेब, या गावात ज्यांची कशालाही हरकत असते त्या गृहस्थांची या कायद्याला हरकत नाही. यादी पाहा."

साहेबांनी पेशकारांना उभं केलं आणि विचारलं. पेशकारांनी डोळे मिटले. चावडीबाहेरच्या चिमण्या ऐकू येत होत्या.

"हरकत हाय," ते म्हणाले. "सबब सांगता येत न्हाय."

साहेब जरा गोंधळले. सबबीशिवाय हरकत कशी लिहून घेऊ, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं.

"घेऊ नका," पेशकार म्हणाले. "तुमचं बरोबर हाय." आणि ते खाली बसले.

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. तेवढ्यात नाना उठले. विजेच्या खांबांसाठी वर्षभर जीव टाकणारे नाना. त्यांनी पेशकारांकडं पाहिलं नाही, पण त्यांना सगळं माहीत होतं हे मला त्यांच्या न पाहण्यातूनच कळलं.

"साहेब, पंचायतीची हरकत लिहा," नाना म्हणाले. "तळ द्यायचा का न्हाय ते आमी ठरवू. उद्या देऊबी. पन इथं कोन बसतंय, कशापायी बसतंय, ते आमालाच ठावं हाय. वरच्या सहीला ते कसं कळावं? आमाला इचारल्याबिगर देऊ नका."

साहेबांनी ते लिहून घेतलं. गुत्तेदारानं नकाशा गुंडाळला. पेशकार पुढं बघत बसून राहिले होते आणि त्यांचा हात शेरवानीच्या एका दत्तक बटणाशी खेळत होता.

मग बरेच महिने काहीच झालं नाही. गावोगावहून अशा हरकती गेल्या असतील. एका गुरुवारी दुपारच्या टपालानं पंचायतीला पत्र आलं, की ते कलम तूर्त वगळलं आहे, ठरावाची जुनी अट कायम. नानांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुमीच दाखवा त्यान्ला. मी पहिल्यांदाच भर बाजारच्या दुपारी गाडीतळावर गेलो.

शंभरेक गाड्या सोडलेल्या होत्या. बैल डोळे अर्धे मिटून रवंथ करत होते. घंट्या मधूनच वाजत आणि थांबत. गाड्यांखाली माणसं पसरली होती, कुणी अर्धवट झोपेत बोलत होतं, कुणी अर्धवट झोपेत ऐकत होतं. आपणही स्वप्नातच चाललोय असं मला वाटलं. चौथ्या लिंबाखाली एका गाडीच्या सावलीत पेशकार घोंगडीवर झोपले होते. शेरवानी काढून जुवावर टांगलेली. शेरवानीशिवाय त्यांना मी कधी पाहिलंच नव्हतं. फारच लहान दिसत होते. उशाशी एक बाई पदरानं त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. तिनं मला पाहून ओठावर बोट ठेवलं.

मी खुणेनं पत्र दाखवलं आणि हळूच सांगितलं, की तळ राहिला.

तिनं मान हलवली. जरा वेळानं कुजबुजली, "गुरुजी, त्या कागदांत माझं नाव न्हाय ना गेलं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या आबांनी काढून घेतलं."

"बरं झालं," ती म्हणाली. पदर वारायचा थांबला होता, तो पुन्हा हलू लागला. "खरं तर असायला पायजे होतं."

मी पत्र खिशात घातलं आणि चाकाला टेकून बसलो. उठवायची घाई काय होती? थोड्या वेळानं तिचा नवरा बाजारातून आला, खांद्यावर मिरचीची पिशवी, हातात तेलाची बाटली. ऊन कलायला लागलं होतं आणि आजूबाजूच्या दोन गाड्या जुंपून निघाल्याही होत्या. तो सासऱ्याकडं बघत क्षणभर उभा राहिला. मग पिशवी आणि बाटली आवाज न करता गाडीत ठेवली, मीठ राहिलं म्हणाला आणि परत बाजाराकडं वळला. मीठ गाडीतच होतं. पुडा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तिलाही दिसत होता.